माप आणि मेळ : घरी इंजिन घडवणाऱ्यांची हत्यारे

मोटारसायकलचे इंजिन घरी बनवायचे झाले तर कोणकोणती हत्यारे घ्यावीत, असा प्रश्न यंत्रकामाची आवड असलेली तरुण मंडळी अधूनमधून मला विचारतात. बेळगावात या प्रश्नाचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. ज्याच्या नात्यागोत्यात एखादा टर्नर नाही, फिटर नाही, की ओतशाळेत कामाला जाणारा कोणी नाही, असे घर आमच्या उद्यमबागेच्या आसपास शोधावेच लागेल. मी स्वतः तीसेक वर्षे मुलांच्या हाती कानस देण्यात आणि त्यांना लेथसमोर उभे करण्यात घालवली. त्यामुळे विचारणाऱ्याची अपेक्षा असते की मास्तरांनी एक यादी लिहून द्यावी : एवढ्या लांबीचा लेथ, अमुक मायक्रोमीटर, तमुक ड्रिल. यादी मी देतोच. पण देताना दरवेळी मनात येते की हा प्रश्न बाजाराचा कमी आणि इतिहासाचा अधिक आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले, त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. पैसा थोडा, जागा थोडी आणि घडवायचे होते इंजिन. त्यांनी काय घेतले आणि कशावाचून चालवून घेतले, हे पाहिले म्हणजे कारखान्यातले इंजिन आणि घरचे इंजिन यांची जातच कशी वेगळी आहे, ते उमगते. त्या फरकाविषयी चार शब्द लिहावेत, असा या लेखाचा हेतू आहे.

फरक उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे घरोघर ठाऊक असलेली ३५० सी.सी.ची जुनी बुलेट घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ९० मिलिमीटर. पिस्टन सिलिंडरात वरखाली धावतो, पण तो भिंतीला घट्ट बसवून चालत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगते, म्हणून दोघांत फट ठेवावी लागते. ती साधारण तीन-चार हजारांश इंच, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आगेमागे असते. फट कमी पडली तर तापलेला पिस्टन भर रस्त्यात जाम होतो. जास्त झाली तर तो खडखडतो, तेल पितो आणि ताकद गमावतो. इंजिनाची सारी मातब्बरी या केसभर जागेत आहे.

आता कारखान्याचा विचार करा. तिथे पिस्टन एका विभागात बनतो, सिलिंडर दुसऱ्या विभागात, कित्येकदा दुसऱ्या गावात. बनवणाऱ्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरीही पेटीतला पिस्टन उचलून सिलिंडरात घातला की तो बसला पाहिजे. हे साधायचे तर दोघांनी एकच आकडा मानला पाहिजे, आणि तो आकडा दोन्हीकडच्या मापकांवर तोच निघाला पाहिजे. कारखान्याची भिस्त अशी मापावर असते. घरी काम करणाऱ्याला एकच सिलिंडर असतो आणि त्यात एकच पिस्टन जायचा असतो. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर भरला की ७०.३ भरला, याचे त्याला सुतक नाही. या सिलिंडरात हा पिस्टन केसभर मोकळा बसला की त्याचे काम झाले. त्याची भिस्त मापापेक्षा मेळावर असते. माप आणि मेळ हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. हत्यारांच्या निवडीचे पुढचे सगळे गणित या दोन शब्दांवरच चालते.

मापाचा इतिहास तसा फार जुना नाही. इंग्लंडात हेन्री मॉड्स्ली नावाचा यंत्रकार होऊन गेला. जन्म १७७१, मृत्यू १८३१. स्क्रू कापणारा लेथ त्याने नावारूपाला आणला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या बाकावर स्क्रूवर चालणारे एक मापक ठेवले. त्याच्या कारखान्यात त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण त्या पदावरचा न्यायाधीश म्हणजे अखेरचा निवाडा. दोन कारागिरांत वाद झाला की हे यंत्र निकाल देई. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. जुन्या इंग्रजी गाड्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रींच्या पेटीत व्हिटवर्थचे पाने अजून सापडतात. खिशात मावणारा स्क्रू-कॅलिपर फ्रान्समधल्या पाल्मेरने काढला. त्याचे पेटंट १८४८ चे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तो ब्राउन आणि शार्प या अमेरिकन यंत्रकारांच्या दृष्टीस पडला, आणि त्यांनी तो सुधारून विकायला सुरुवात केल्यावर मायक्रोमीटर सामान्य कारागिराच्या हाती आला.

या मालिकेतला सर्वांत मोठा माणूस मला स्वीडनचा कार्ल एडवर्ड योहान्सन वाटतो. सरकारी बंदूक कारखान्यात तो शस्त्रांचा तपासनीस होता. प्रत्येक मापासाठी वेगळा गेज करण्याऐवजी पोलादाचे मोजके ठोकळे केले आणि ते एकमेकांवर रचले, तर हवे ते माप उभे करता येईल, ही कल्पना त्याला १८९६ साली सुचली. त्याचा १०२ ठोकळ्यांचा संच पुढे जगभरच्या कारखान्यांत मापाचा पाया ठरला. मौज अशी की हे ठोकळे अखेरच्या सफाईला आणण्याचे काम त्याने घरी केले, आणि त्यासाठी बायकोचे शिवणयंत्र फिरवून त्याचे घासयंत्र बनवले. कारखान्यांना ज्या मापाने शिस्त लावली, ते माप अशा रीतीने एका घरात, पायाने चालणाऱ्या शिवणयंत्रावर जन्माला आले. त्याला मार्ग दाखवायला त्याहून अचूक यंत्र जगात कुठेही विकत मिळत नव्हते. घासायचे, ताडून पाहायचे, पुन्हा घासायचे, एवढाच मार्ग होता.

ताडून पाहण्याच्या या रीतीचा सर्वांत सुंदर नमुना व्हिटवर्थने १८४० साली विद्वानांच्या सभेत मांडला होता. प्रश्न असा : जवळ एकही सपाट वस्तू नसताना अगदी सपाट पृष्ठ कसे करायचे? दोन बिडाच्या पाट्या घेतल्या, एकीला रंग लावून दुसरीवर टेकवली, आणि जिथे रंग लागला तो उंचवटा खरवडत गेलो, तर त्या दोन एकमेकींना तंतोतंत बसतील. पण कदाचित एक थोडी फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊन. तिसरी पाटी आणली की हे सोंग उघडे पडते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी अशा तिन्ही जोड्या जमायच्या, तर तिन्ही पाट्या सपाट असण्यावाचून गत्यंतर नसते. दोघांनी संगनमत केले तरी तिसरा साक्षीदार खोटे पचू देत नाही. या साऱ्या खटाटोपात एकही आकडा नाही. फक्त मेळ आहे, आणि त्यातून जगातल्या सर्व मापांना आधार देणारे पृष्ठ तयार होते.

आता प्रत्यक्ष इंजिने घडवणाऱ्यांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल जन्माला आली ती बव्हंशी सायकलच्या दुकानांत. अमेरिकेतल्या हॅमंड्सपोर्ट या लहान गावी ग्लेन कर्टिस याचे असेच एक दुकान होते. १९०१ च्या सुमारास सायकलला इंजिन जोडावे असे त्याच्या मनाने घेतले, आणि त्याने ई. आर. थॉमस यांच्याकडून इंजिनाची कच्ची ओतीव अंगे डाकेने मागवली. या निवडीकडे नीट पाहिले पाहिजे. ओतकामाला भट्टी लागते, साचे लागतात, वाळूचे ज्ञान लागते. तेवढे दुसऱ्यावर सोपवून त्याने फक्त कातकाम आणि जोडकाम आपल्याकडे ठेवले. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर त्याच्याजवळ नव्हता, तर टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात जाळी बसवून त्याने वेळ निभावली. पुढे तो स्वतःची इंजिने करू लागला. २४ जानेवारी १९०७ रोजी फ्लॉरिडातल्या ऑर्मंडच्या वाळूवर त्याने आठ सिलिंडरांची मोटारसायकल ताशी १३६ मैलांहून अधिक वेगाने पळवली. पहिल्या इंजिनापासून तिथवर यायला त्याला पाच-सहा वर्षे पुरली.

दुसरे दुकान डेटनचे, राइट बंधूंचे. त्यांच्या विमानाची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण विमानाचे इंजिन ज्याने घडवले तो चार्ली टेलर सहसा आठवला जात नाही. ते इंजिन विमानाचे असले तरी त्याची घडण आपल्या विषयातलीच आहे, कारण सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत टेलरने ते सहा आठवड्यांत उभे केले. चार सिलिंडर, व्यास ४ इंच, फेरा ४ इंच, ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. धातूकामाची यंत्रे दोनच : एक लेथ आणि एक ड्रिल. दोन्ही पट्ट्यांवर चालत, आणि पट्टे फिरवायला गॅसचे एक लहान इंजिन होते. रीतसर आराखडे नव्हतेच. एकेका भागाचे चित्र कागदाच्या चिटोऱ्यावर काढायचे, बाकासमोर टोचून ठेवायचे आणि कामाला लागायचे.

क्रँकशाफ्ट त्याने कसा केला, ते प्रत्येक शिकाऊ टर्नरने वाचण्यासारखे आहे. ३१ इंच लांब, ६ इंच रुंद आणि दीड इंचाहून थोडी जाड अशी पोलादाची पाटी घेतली. तिच्यावर क्रँकची आकृती आखली, आकृतीच्या कडेने भोकांची रांग पाडली, आणि मधला नको असलेला भाग छिन्नी-हातोड्याने तोडून काढला. मग उरलेला वाकडातिकडा तुकडा लेथवर चढवून कातला. झाला तेव्हा त्याचे वजन १९ पौंड भरले. क्रँककेस मात्र डेटनच्याच ओतशाळेतून ॲल्युमिनियममध्ये ओतून आणली. फेब्रुवारी १९०३ मधल्या चाचणीत बेअरिंगे जाम होऊन ती केस फुटली, तेव्हा दुसरी ओतून घ्यावी लागली आणि मे महिन्यात इंजिन पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते आकाशात गेले. लेथ, ड्रिल, छिन्नी, हातोडा, कानस आणि गावात एक बरी ओतशाळा, एवढ्यावर हे काम झाले.

इथे बेळगावकर वाचकाला आपल्या गावचे तिसरे सायकल दुकान आठवल्याशिवाय राहणार नाही. आज ज्याला किर्लोस्कर रोड म्हणतात, ते नाव ज्यांच्यामुळे पडले त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १८८८ हे त्या उद्योगाच्या आरंभाचे साल मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असे आढळले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. सायकलींवरून त्यांची गाडी कडबा कापण्याच्या यंत्राकडे गेली आणि मग लोखंडी नांगराकडे. नांगराचे साल १९०३, म्हणजे टेलरच्या इंजिनाचेच. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. टेलरचा जन्म १८६८ चा, लक्ष्मणरावांचा १८६९ चा. दोघेही १९५६ सालीच गेले. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण दोघांची वाट एकाच ठिकाणाहून निघून कुठे फाटते, ते पाहण्यासारखे आहे. टेलरला एकच इंजिन करायचे होते, म्हणून त्याचे मेळावर भागले. लक्ष्मणरावांना शेतकऱ्याच्या हाती नांगर द्यायचा होता. एका शेतकऱ्याचा फाळ झिजला तर दुसरा फाळ त्याच जागी बसलाच पाहिजे, म्हणून त्यांना मेळापासून मापाकडे, दुकानापासून कारखान्याकडे जावे लागले. आपल्या भागात ओतशाळा आणि यंत्रशाळा यांची जी परंपरा पुढे वाढली, तिच्यामागे हे स्थित्यंतर आहे.

मेळाची वाट अखेरपर्यंत चालत गेलेला माणूस पाहायचा तर न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल या गावी जावे लागते. बर्ट मन्रो याचा जन्म १८९९ चा. १९२० साली त्याने ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकल नवी विकत घेतली. नावावरून घोटाळा नको; इंडियन ही अमेरिकन कंपनी, आणि ते नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून घेतलेले. गाडी ६०० सी.सी.ची, दोन सिलिंडरांची, आणि तिचा वेग ताशी ५५ मैल. १९२६ पासून मन्रोने तिच्यात फेरफार सुरू केले, आणि ते काम त्याने उभे आयुष्य थांबवले नाही. पुढे नोकरी सोडून तो गाडीच्याच शेडमध्ये राहू लागला.

त्याच्या हत्यारांची यादी वाचली तर हसू येईल. पिस्टन तो स्वतः ओतायचा. जुने पिस्टन वितळवायचे आणि घरीच केलेल्या साच्यांत रस घालायचा. त्यासाठी जुने डबेही त्याला चालत. सिलिंडर त्याने गॅसच्या बिडाच्या जुन्या नळापासून बनवले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलचे पोलाद कापून, कानसून आणि पाणी देऊन केले. फ्लायव्हीलही घरचेच. मायक्रोमीटरच्या जागी त्याच्याकडे सायकलच्या चाकाचा एक जुना स्पोक होता, असे त्याच्याविषयी सांगतात.

स्पोक म्हटल्यावर वाचक हसतील, पण यात चेष्टा नाही. आतला व्यास ताडून पाहायची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. तार किंवा सळई सिलिंडरच्या व्यासापेक्षा किंचित आखूड कापायची आणि दोन्ही टोके गोलसर घासायची. एक टोक भिंतीला टेकवून स्थिर धरायचे, आणि दुसरे टोक डावीउजवीकडे किती झुलते ते पाहायचे. भूमिती अशी की झोक्याच्या लांबीचा वर्ग करून त्याला सळईच्या लांबीच्या आठपटीने भागले, म्हणजे व्यास सळईपेक्षा किती मोठा आहे ते कळते. ७० मिलिमीटरची सळई एकूण ६ मिलिमीटर झुलली, तर छत्तीस भागिले पाचशे साठ. म्हणजे फरक सुमारे सहा शतांश मिलिमीटर. डोळ्याला सहज दिसणारा झोका केसभर फरक सांगून जातो. तीच सळई सिलिंडरात वर, मध्ये आणि खाली धरली की छिद्र कुठे झिजले, कुठे लांबट झाले, ते उघड होते. व्यास किती, हे सळई कधीच सांगत नाही. दोन जागा सारख्या आहेत की नाहीत, एवढेच ती सांगते, आणि घरच्या कामाला तेवढेच हवे असते.

या सामग्रीवर मन्रो कुठवर पोचला, ते नोंदीत आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिलचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे, तिथे वेगाचे विक्रम होतात. १९६२ साली त्याच मोटारसायकलवर त्याने ताशी सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ९५० सी.सी.पर्यंत वाढवलेल्या त्याच इंजिनावर १००० सी.सी.खालच्या गटात ताशी १८३.५९ मैलांची नोंद झाली. वाटेत किती पिस्टन फुटले, किती रॉड मोडले, त्याची मोजदाद नव्हती. मोडलेले भाग तो फळीवर मांडून ठेवी, आणि वेगाच्या देवाला वाहिलेला हा नैवेद्य, अशा अर्थाची पाटी त्याने तिथे लावली होती. १९७८ साली तो वारला. रॉजर डोनाल्डसन यांनी त्याच्यावर १९७१ साली माहितीपट आणि २००५ साली अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन चित्रपट काढला, तेव्हा त्याचे नाव जगभर झाले.

या कथेला एक शेपूट आहे. १९६७ च्या विक्रमात दोन दिशांच्या धावांची सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती. ती मन्रोच्या मुलाच्या लक्षात आली, आणि २०१४ साली, मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, तो विक्रम ताशी १८४.०८७ मैल असा दुरुस्त करण्यात आला. स्पोकने ताडून पाहिलेल्या इंजिनाने आपले काम बरोबर केले होते. चूक राहिली होती ती कागदावरच्या आकड्यात. मापाच्या भक्तांनी यावर राग धरू नये. आकड्याची किंमत मी कमी लेखत नाही. आकड्यालाही साक्षीदार लागतो, एवढेच माझे म्हणणे.

आता यादी. ती देताना डेव्हिड गिंगरी या अमेरिकन लेखकाचा उल्लेख केला पाहिजे. १९८० च्या सुमारास त्याने भंगारातून स्वतःची यंत्रशाळा उभी करण्यावर पुस्तकांची मालिका लिहिली. तिचे पहिले पुस्तक लेथवर नाही, कोळशाच्या भट्टीवर आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि कोळसा व भाता यांच्या बळावर तेवढी उष्णता घराच्या परसात मिळते. आधी भट्टी करायची, भट्टीतून लेथचे भाग ओतायचे, आणि अर्धवट लेथवरच त्याचे उरलेले भाग कातायचे. जो सर्व सुरुवात शून्यापासून करणार आहे, त्याला हा क्रम योग्यच आहे. पण बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात राहणाऱ्याला भट्टी पेटवायची गरज नाही. लाकडाचा पॅटर्न नीट करून दिला तर ओतून देणारे हाकेच्या अंतरावर आहेत. कर्टिसने आणि टेलरने हेच केले. बीड तर घरी वितळवूच नये. त्याला हजारावर अंश लागतात, आणि जराशा ओलाव्याने रस उसळला तर जिवाशी गाठ असते.

म्हणून माझा क्रम असा. पहिले हत्यार डोळे आणि बोटे ताळ्यावर आणणारे : गुणिया, बाहेरचा आणि आतला कॅलिपर, फीलर गेजांचा संच आणि जाड काचेची एक पाटी. चांगली काच पुष्कळच सपाट असते. तिच्यावर बारीक एमरी कागद ठेवून सिलिंडर हेडचे तोंड आठाच्या आकड्यात फिरवत घासले, की कुठे धातू लागतो आणि कुठे नाही, ते दिसते. दुसरे हत्यार लेथ. नवा असावा असा आग्रह नको. जुना पण मजबूत पाहावा, आणि घेण्यापूर्वी चकवर एक सळई धरून दोन्ही टोकांना कातून पाहावी. दोन टोकांचा व्यास वेगळा निघाला तर तो लेथ पुढे सिलिंडरही निमुळताच कातणार. लेथ असेल तर मिलिंगवाचून बरेच दिवस चालते. सॅडलवर काम बांधून सिलिंडर बोअर करता येतो. तिसरे, खांबाचे ड्रिल आणि भक्कम व्हाइस. चौथा डायल गेज. दोन फ्लायव्हील आणि क्रँकपिन जोडल्यावर ते एका रेषेत फिरतात की नाही, हे त्यावाचून सांगणे कठीण. तो येईपर्यंत फिरत्या चाकाजवळ खडू धरावा. उंच बाजूलाच पांढरी रेघ उमटते. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर बसला की नाही, हे निळा रंग लावून पाहावे. मायक्रोमीटर माझ्या यादीत पाचवा येतो, आणि यावर माझे अनेक सहकारी माझ्याशी भांडलेले आहेत.

मी त्यांना पिस्टन रिंगचे उदाहरण देतो. नवी रिंग सिलिंडरात घालावी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करावी आणि तिच्या दोन टोकांतली फट फीलरने मोजावी. मग ती खाली ढकलून पुन्हा मोजावी. व्यास वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट वाढतो, म्हणून व्यासातला लहान फरक रिंगच्या फटीत तिप्पट मोठा होऊन दिसतो. वर बावीस हजारांश आणि तळाशी दहा हजारांश फट भरली, तर फरक बाराचा. म्हणजे सिलिंडर वरच्या बाजूला सुमारे चार हजारांश झिजला आहे. थोडक्या पैशांच्या पट्टीने निघालेले हे उत्तर आहे, आणि रिंग ही त्याच इंजिनाची असल्यामुळे ती त्याच इंजिनाची खरी साक्ष देते.

हे सगळे आज सांगण्याची गरज काय, असा प्रश्न कोणी करील. उद्यमबागेत संगणकावर चालणारी यंत्रे आता जागोजाग आहेत, आणि हत्तरगीजवळच्या औद्योगिक क्षेत्रात विमानांचे भाग तयार होतात. टेलरने छिन्नीने फोडलेल्या क्रँकशाफ्टनंतर शंभरेक वर्षांनी आपल्याच जिल्ह्यातली मुले विमानाचे भाग कातताहेत, याचा मला अभिमान आहे. ते काम स्पोकने होणार नाही. तिथे माप हवेच, आणि एका मिलिमीटरचे हजार भाग करून हवे. पण पडद्यावर आकडा हिरवा दिसला म्हणजे भाग बरोबर, असे मानणारी पिढी तयार होत असेल, तर तो आकडा खोटे बोलू लागला की ते ओळखायचे कोणी? यंत्राचे टोक झिजते, खोली तापते, मापकच बिघडतो. त्या वेळी दोन भाग हातात घेऊन ते एकमेकांत कसे जातात, हे बोटांनी सांगणारा माणूस लागतो. असे मिस्त्री आपल्या गल्ल्यांतून होते आणि काही अजूनही आहेत. सुताने मोजणारे, म्हणजे इंचाचा आठवा भाग हेच ज्यांचे लहानातले लहान बोलीतले माप, तेच शेवटी सिलिंडरात पिस्टन सोडून तो किती सावकाश खाली सरकतो, यावरून केसभर फट ओळखतात.

त्यांचे हे ज्ञान मराठीत कुठे लिहिलेले फारसे सापडत नाही. मॉड्स्लीचे मापक सांभाळून ठेवले गेले, योहान्सनच्या शिवणयंत्राची गोष्ट टिकली, आणि मन्रोच्या मोडक्या पिस्टनांच्या फळीवर चित्रपट निघाला. आमच्या मिस्त्रींची हत्यारे मात्र ते गेल्यावर भंगारात किलोने विकली जातात, आणि ती कशासाठी केली होती, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. एखादी वाकवलेली सळई, टोके घासलेली तार, अर्धवट कापलेला नळाचा तुकडा. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी ती विकण्याआधी एक वही घ्यावी, मिस्त्री हयात असतील तर त्यांच्या शेजारी बसावे, आणि एकेक वस्तू उचलून विचारावे : याने काय ताडून पाहत होता? उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवावीत. इतिहास लिहिण्यासाठी याहून अधिक सामग्री लागत नाही.